नवीन घर, पहिलीच रोपं : खान्देशात काय घ्यावं, कधी घ्यावं?

नवंघर_जळगाव
नमस्कार मंडळी. अक्षय्य तृतीयेला आमच्या रो-हाऊसची वास्तुशांत झाली. आता घरात आणि अंगणात झाडं लावायची फार हौस आहे, पण मी किंवा यांनी आजवर एकही रोप विकत घेतलेलं नाही. पुढे पश्चिमेची गॅलरी, हॉलला उत्तरेची मोठी खिडकी, मागे १० बाय १५ फुटांचा मोकळा तुकडा. तिथली माती काळीभोर आहे, आत्ता हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. नळाला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण रोज नाही, त्यामुळे झाडांना बोअरचंच पाणी द्यावं लागेल. घरात ४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना तुळस आणि देवाला फुलं हवीत, मला एखादं फळझाड हवं आहे. सुरुवातीला ३००० रुपये खर्च करायची तयारी आहे. या रविवारी नर्सरीत जायचा विचार आहे. काय बघून घ्यायचं ते कृपया सविस्तर सांगा.

तापीकाठ (भुसावळ)
ताई, नव्या घराच्या शुभेच्छा. नर्सरीत रविवारी जरूर जा, बघा, भाव विचारा, पण रोपं आणू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ च्या घरात असतो. नर्सरीतलं रोप हिरव्या जाळीखाली, दिवसातून दोनदा पाणी पिऊन, दाटीवाटीत वाढलेलं असतं. ते तिथून उचलून पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलं की दुपारी दोन ते सहा थेट ऊन, वर तापलेल्या भिंतीची धग. पानांतून पाणी उडतं त्या वेगाने एवढ्याशा पिशवीतल्या मुळांना ते ओढता येत नाही. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत तर मुळंच शिजतात. माणूस मग आणखी पाणी घालतो आणि झाड वरून सुकत असताना खालून कुजतं.

मृगाचा चांगला पाऊस होऊन जमीन थंड होऊ द्या. जूनअखेर ते जुलै हा पहिल्या खरेदीचा काळ. तोवर करण्यासारखं भरपूर आहे.

पहिलं काम, ऊन मोजा. गॅलरीत, खिडकीत, मागच्या तुकड्यात सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता कुठे थेट ऊन आहे ते कागदावर मांडा. नर्सरीवाला विचारेल, ‘उन्हातलं देऊ की सावलीतलं?’ त्याचं उत्तर तुमच्या हातात तयार पाहिजे. बहुतेक रोपं चुकीच्या जागेमुळे जातात, निगा कमी पडल्यामुळे नाही.

दुसरं, या उन्हाचाच उपयोग करून घ्या. मागची माती खणून ढेकळं फोडा, दगड-विटांचे तुकडे वेचा (बांधकामाचा चुना आणि सिमेंट हमखास सापडेल), पाणी मारून ओली करा आणि वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बुजवा. प्लास्टिक काळं नको, पारदर्शकच हवं. चार-सहा आठवडे तसंच राहू द्या. आतली माती इतकी तापते की तणाचं बी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे) आणि मर रोगाच्या बुरशा बऱ्याच कमी होतात. थंड प्रदेशात हे जमत नाही, आपल्याला ऊन फुकट मिळतं.

जिभाऊ_अमळनेर
आते वैशाखमा रोपडं कसाले लेतस ताई? पहिलं पानी पडू द्या, मंग ल्या. तापीकाठ दादांनी सांगितलंय तेच खरं.

मोगरा_धुळे
वेळेचं वर आलंच आहे. मी रोप कसं पारखायचं ते सांगते.

नर्सरीत गेल्यावर नजर फुलांवर जाते. फुलं बघून घेऊ नका. पूर्ण उमललेलं झाड घरी आणल्यावर जागा बदलल्याने फुलं गाळतं आणि मग हिरमोड होतो. कळ्या असलेलं, बुटकं, बुंध्यातून तीन-चार फांद्या फुटलेलं रोप उंच काडीसारख्या रोपापेक्षा कधीही चांगलं.

मग एक पान उलटं करा. जास्वंदीचं उदाहरण घ्या. वरून पान चकचकीत हिरवं दिसतं. मागे शिरेच्या कडेला आणि जिथे देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात बघा. कापसाचे बारीक पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. बोट लावलं की चिकट लागतं आणि फांदीवर मुंग्यांची रांग असते. मुंग्या त्या गोड चिकट्यासाठी येतात आणि किडीला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. असं एक रोप घरात आलं की महिनाभरात तुळशीपासून कडीपत्त्यापर्यंत सगळीकडे पसरतं. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि मागे कोळिष्टकासारखं जाळं असेल तर तो लाल कोळी, आपल्या कोरड्या हवेत फार होतो. रोप हलवल्यावर पांढऱ्या माश्या उडाल्या तर तेही परत ठेवा.

नंतर पिशवीचं बूड बघा. भोकातून एखादं पांढरं मूळ डोकावत असेल तर उत्तम. तपकिरी मुळांचं जाळं बाहेर लोंबत असेल तर रोप त्या पिशवीत जास्त दिवस अडकलंय. मोसमी फुलझाडाला चालून जाईल, फळझाडाला अजिबात नको, कारण गोल फिरलेली मुळं जमिनीत गेल्यावरही गोलच वाढतात आणि काही वर्षांनी झाड वाऱ्याने कलतं. शेवटी बुंधा दोन बोटांत धरून हलकेच हलवा. मातीत डगमगत असेल तर ते परवा-तेरवाच पिशवीत भरलेलं आहे.

आणि घरी आणल्यावर लगेच इतर झाडांत मिसळू नका. दोन आठवडे वेगळं ठेवा.

नवंघर_जळगाव
मोगराताई, तापीकाठ दादा, खूप खूप धन्यवाद. रविवारी फक्त बघायला जाऊ. माती आणि कुंड्यांचं काय? नर्सरीत ‘रेडी मिक्स’ म्हणून पोती ठेवलेली असतात. आणि मागची काळी माती कुंडीत चालेल का?

गिरणामाई (चाळीसगाव)
काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत नुसती वापरू नका. ओली झाली की फुगते, पाणी निचरत नाही. सुकली की आकसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. वरून भिजलेली दिसते, मुळं मात्र कोरडी.

माझं मिश्रण असं : दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग काळी माती, दोन भाग नीट कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. मूठभर निंबोळी पेंड. शेणखताला वास येत असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर ते कच्चं आहे, त्यातूनच हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

रेडी मिक्समध्ये बहुतेक कोकोपीटच असतं. हलकं असल्याने गच्चीला बरं, पण ते एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही, वरच्यावर ओघळून जातं. आपल्या उन्हात ते एका दुपारीत सुकतं.

पांझरा
गिरणामाई, थोडं वेगळं मत मांडतो. घरातल्या झाडांना कोकोपीट अर्धं असलं तरी चालतं, तिथे ऊन नाही आणि मुळांना हवा लागते. फक्त विटेचं कोकोपीट भिजवल्यावर दोन-तीन वेळा धुऊन घ्यायचं, त्यात क्षार असतात. बाहेरच्या कुंड्यांबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत.

गच्चीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ओली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. मोठे ड्रम ठेवायचे तर ते खांब-तुळईच्या रेषेवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको, आणि खाली विटा देऊन पाणी वाहतं ठेवा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

गिरणामाई (चाळीसगाव)
घरातल्या झाडांचं मान्य. कुंडी मात्र बाहेर मातीचीच घ्या. पाणी जरा जास्त लागतं, पण तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि मुळं थंड राहतात.

नवंघर_जळगाव
आता झाडांची नावं सांगाल का? मुलगा अजून सगळं तोंडात घालतो, त्यामुळे विषारी काही नको. आणि ‘हवा शुद्ध करणारी’ म्हणून काही झाडं बरीच महाग दिसली, ती घ्यावीत का?

तापीकाठ (भुसावळ)
हवा शुद्ध होते म्हणून जास्त पैसे देऊ नका. तो प्रयोग १९८९ साली नासाने केला, पण बंद पेटीसारख्या खोलीत. आपल्या घरात दारं-खिडक्या उघड्या असतात. हवा बदलते त्यापुढे दोन-चार कुंड्यांचा परिणाम नगण्य असतो. झाड डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी घ्या.

पश्चिमेच्या गॅलरीत : बोगनवेल, सदाफुली, मोगरा, ऑफिस टाइम, कोरफड. कोरफड मेमध्ये तांबूस पडते, पावसात पुन्हा हिरवी होते. जास्वंद सकाळचं ऊन मिळेल तिथे ठेवा. देवाला रोज फूल हवं असेल तर साधी देशी लाल जास्वंद घ्या. रंगीत संकरित जाती दिसायला देखण्या, पण आपल्या उन्हात कळ्या फार गाळतात. तुळस जुलैत लावा, मंजिऱ्या खुडत राहा, म्हणजे दाट होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती काळवंडते, तेव्हा रात्री आडोशाला घ्या. मंजिऱ्यांचं बी आठवणीने ठेवा.

उत्तरेच्या खिडकीत : स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट. पण मुलगा लहान आहे, म्हणून मनी प्लांट वर टांगा आणि झेडझेड हाताला लागणार नाही असं ठेवा. दोन्हींच्या रसात सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंड आणि घसा भाजल्यासारखा होतो. डायफेनबेकियात हा त्रास त्याहून जास्त, ते आत्ता आणूच नका. स्नेक प्लांटही खाऊ देऊ नये, पोट बिघडतं.

बाहेर कण्हेर आणि पिवळी बिट्टी दोन्ही टाळा. बिट्टीच्या बिया मुलं खेळायला घेतात, त्या थेट हृदयावर परिणाम करतात. अडेनियम गॅलरीत फार सुंदर होतं, पण त्याचा चीकही विषारी आहे. मुलगा मोठा झाल्यावर घ्या.

अरेका पाम सगळे घेतात. आपल्याकडे झळा आणि बोअरचं पाणी या दोन्हींनी त्याची टोकं तपकिरी पडतात. पहिल्या खेपेला नको.

पांझरा
बोअरच्या पाण्याबद्दल. कुंडीच्या कडेला पांढरा थर, कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर जड पाण्यामुळे आणि चुनखडीमुळे झाडाला लोह उचलता येत नाहीये. अशा वेळी युरिया टाकून उपयोग नाही. चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं) आणायचं तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघा. ईडीटीए स्वस्त मिळतं, पण आपल्या चुनखडीच्या मातीत टिकत नाही. आठवड्यातून एकदा नळाचं वाघूरचं पाणी द्या, पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवा. एसीचं पाणी चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी नको, त्यात क्षार दाट असतात.

कूलरच्या टाकीचंही तेच. उन्हाळाभर घरोघरी कूलर चालतो, टाकी रिकामी करताना ते पाणी झाडांना ओतायची पद्धत आहे. पाणी उडून गेलेलं असतं, क्षार मागे राहून साचत जातात. कुंड्यांना ते देऊ नका.

सातपुडा_पायथा (यावल)
फळझाडाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १० बाय १५ मध्ये आंबा लावू नका ताई. काळी माती ओलीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यात मोठ्या झाडाची मुळं पायाजवळचं पाणी ओढायला लागली की माती आणखी आकसते आणि भिंतीला तिरप्या चिरा जातात. नवीन घराला हे सांभाळायला हवं. आंबा, जांभूळ, चिंच घरापासून निदान २०-२५ फूट लांब. वड, पिंपळ, उंबर तर अंगणात नाहीच.

तुमच्या जागेत कागदी लिंबू, पेरू किंवा केळी बसेल. पेरूचं कलमच घ्या, बियांचं नको. कलम बघताना जोडाची जागा शोधा : जमिनीपासून वीतभर वर, दोन्ही काड्या जवळपास सारख्या जाडीच्या, जोड पूर्ण भरलेला. प्लास्टिकची पट्टी अजून आवळलेली असेल तर घरी आल्यावर अलगद कापा, नाहीतर ती खोडात रुतते. जोडाच्या खालून येणारा फुटवा कायम खुडायचा, तो खालच्या रानटी झाडाचा असतो. लिंबाचं बियांचं रोप चालतं, कागदी लिंबू बियांतूनही बहुतेक आईसारखंच येतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती जात मागा. कडीपत्ता लिंबापासून लांब लावा, दोन्ही एकाच फुलपाखराच्या अळीचं खाणं.

रोप कुठून घ्यावं? कृषी खात्याच्या तालुका रोपवाटिकेत किंवा परवानाधारक नर्सरीतून, पावतीवर जातीचं नाव लिहून घेऊन. फळझाडाची फसवणूक तीन-चार वर्षांनी कळते, तोवर विकणारा आठवत नाही. फक्त सावलीची किंवा कडुनिंबासारखी झाडं हवी असतील तर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत पावसाळ्यात अगदी कमी पैशांत मिळतात.

आणि केळीबद्दल आम्ही यावल-रावेरची माणसं बोलल्याशिवाय कशी राहू. आमच्याकडे लागवड दोन वेळा, मृगबाग (पावसाच्या सुरुवातीची) आणि कांदेबाग (पाऊस संपल्यावरची). तुम्ही मृगबागेच्या वेळी, जून-जुलैत टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) रोप लावा. पाच-सहा पानं झालेलं, फूटभर उंच, पानं रुंद आणि सारख्या रंगाची. पानावर पिवळसर उभे पट्टे किंवा पानाचा गाभा सडल्यासारखा दिसला तर हात लावू नका, तो सीएमव्ही म्हणजे काकडी मोझॅक विषाणू असू शकतो. तो मावा पसरवतो, म्हणून केळीजवळ काकडी, भोपळा, गिलकी यांचे वेल नकोत. बाहेरच्या बागेतून ओळखीने कंद आणला तर सोंडकिडा आणि सूत्रकृमी सोबत येऊ शकतात, त्यासाठी टिश्यू कल्चर बरं. घड पडायच्या आत बांबूचा आधार द्या. एक वावटळ पुरते.

मोगरा_धुळे
आणि थोडी भरिताची वांगी लावा ताई! जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. नर्सरीतून एक वीत उंचीची, चार-पाच पानांची, ताठ रोपं आणा, आषाढात तीन-तीन फुटांवर लावा, थंडीत अंगणातल्या वांग्याची भरीत पार्टी. शेंडा मान टाकल्यासारखा लोंबला तर आत शेंडे पोखरणारी अळी असते; तो शेंडा अळीसकट खुडून नष्ट करायचा. अंगणापुरत्या लागवडीला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

नवंघर_जळगाव
केवढी मोलाची माहिती दिलीत सगळ्यांनी! सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणतात केळी हवीच, कानबाई देवीला आणि सत्यनारायणाला घरचे खांब होतील. एक शंका : रोप आणल्यावर पिशवीतून कुंडीत कधी आणि कसं लावायचं? आणि ऑनलाइन घेतलेलं बरं की वाईट?

गिरणामाई (चाळीसगाव)
ऑनलाइन फेब्रुवारीनंतर नकोच. खोक्यात बंद रोप गोदामात एक दुपार अडकलं तरी उकडून निघतं. माझ्या बहिणीला असंच काळं पडलेलं रोप आलं आणि विकणाऱ्याने फोटो मागण्यातच आठवडा घालवला. दुर्मीळ काही हवं असेल तर थंडीत मागवा.

लावणीचं नीट सांगते, कारण चांगली रोपं इथेच जातात. आणल्या दिवशी लावू नका. आठवडाभर त्याच पिशवीत, सावलीत, तुमच्या पाण्यावर राहू द्या. आपल्याकडे विकली जाणारी पुष्कळ शोभेची झाडं आंध्रातल्या कडियम भागातून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती लाल चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच भुसभुशीत मिश्रणात ठेवला तर पाणी आजूबाजूच्या मातीत जिरतं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. कुंडी ओली, झाड मात्र तहानलेलं. म्हणून लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिशवी बाजूने ब्लेडने कापा, रोप बुंध्याला धरून ओढू नका. गोळ्याच्या कडा बोटांनी थोड्या मोकळ्या करा, पूर्ण फोडू नका. बुंधा पिशवीत जेवढा मातीत होता तेवढाच कुंडीत राहू द्या. काम संध्याकाळी करा, भरपूर पाणी द्या, पुढचे काही दिवस सावली. नवं पान फुटेपर्यंत खत नाही.

पाणी घालायची वेळ बोटाने ठरवा : दोन पेरं खाली माती ओली लागली तर थांबायचं.

सातपुडा_पायथा (यावल)
कानबाई श्रावणात येते, म्हणजे आत्ताच्या रोपाचा खांब पुढच्या वर्षीच मिळेल. पण केळीला बाजूने पिलं येतात. एक तलवारीसारख्या अरुंद पानांचं पिल्लू ठेवा, बाकीची काढा. मग दरवर्षी घरचीच केळ राहील.

नवंघर_जळगाव
सासूबाई आत्तापासून जागा आखतायत! तर ठरलं : आत्ता माती तापवणार, जुलैत तुळस, देशी जास्वंद, मोगरा, सदाफुली, साई सरबती लिंबू, केळी आणि भरिताची वांगी. आत स्नेक प्लांट आणि टांगलेला मनी प्लांट. गुलाबाचं कोणी लिहिलं नाही, ते पण जुलैतच घेऊ का?

मोगरा_धुळे
गुलाब थांबवा. जुलै-ऑगस्टच्या दमटात पानांवर काळे ठिपके पडतात, फांद्या वरून वाळत येतात आणि नवीन माणसाला ते आवरत नाही. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात घ्या, तेव्हा नर्सरीत छाटणी केलेली रोपं नव्या फुटीसकट मिळतात. ऑक्टोबरच्या दुपारी तेवढ्या सावलीत ठेवा. कुंडी निदान १२ इंची, डोळा भरलेली (कलमाच्या जोडाची) जागा मातीच्या वर. देवासाठी हवा तर गावठी गुलाबी घ्या, वासही आहे आणि आपलं ऊनही सोसतो. तोवर तुमच्या गॅलरीतलं ऑक्टोबरचं ऊन किती आत येतं तेही कागदावर मांडून ठेवा, ते मेपेक्षा जास्त आत शिरतं.